पंखा बेल्टचा की विजेचा?

जुनी जीप, मेजर किंवा पहिल्या पिढीची थार बाळगणाऱ्याला कधी ना कधी हा सल्ला मिळतोच : “बेल्टवरचा पंखा काढून टाका, इलेक्ट्रिक बसवा. पिकअप सुधारेल, ॲव्हरेज वाढेल, तो घोंघाट जाईल.” सल्ला देणारा खोटं बोलत नसतो. शहरातल्या मोटारीपुरतं त्याचं म्हणणं खरंही असतं. पण फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचं काम वेगळं, तिची गरम होण्याची वेळ वेगळी आणि ती गरम झाली तर मदत मिळण्याची जागाही वेगळी. म्हणून पंखा निवडताना गाडी ताशी ८० किलोमीटरवर काय करते हे विचारून उपयोग नाही. ती सर्वांत संथ चालते आणि सर्वांत जास्त राबते त्या तासाभरात तिच्या रेडिएटरमधून किती वारा जातो, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

उष्णता जाते कुठे

इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा कामाला लागते. जवळपास तेवढीच सायलेन्सरमधून बाहेर पडते. उरलेली बहुतेक उष्णता सिलिंडरच्या भिंतींतून कूलंटमध्ये उतरते आणि ती बाहेर टाकण्याची जबाबदारी रेडिएटरवर येते. म्हणजे इंजिन चाकांना जेवढी ताकद देतं, साधारण तेवढ्याच ताकदीची उष्णता समोरच्या जाळीतून वाऱ्यावर सोडून द्यावी लागते. इंजिन १५ किलोवॅट काम करत असेल, तर तेवढ्याच उष्णतेची सोय लावायची.

रेडिएटरची क्षमता कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. कूलंट ९५ अंशांवर आहे असं धरू. डिसेंबरात महाबळेश्वरला बाहेर २० अंश असतील, तर फरक ७५ अंशांचा. मे महिन्यात विदर्भात बाहेर ४० अंश असतील, तर फरक ५५ वर येतो. तोच रेडिएटर, तोच पंखा, तेवढाच वारा. पण उष्णता बाहेर टाकण्याची ताकद चौथ्या हिश्शाहून जास्त घटलेली. हिवाळ्यात निमूट चालणारी गाडी उन्हाळ्यात अचानक तापू लागते, तेव्हा गॅरेजमध्ये आधी पंख्याकडे बोट दाखवलं जातं. खरं तर हिवाळ्यात ती तिच्या मर्यादेच्या जेमतेम आत होती, एवढंच.

धावणाऱ्या गाडीला वारा फुकट मिळतो. ताशी ४०-५० किलोमीटरच्या वर समोरून येणारी हवा बहुतेक वेळा पुरेशी असते आणि पंखा असून नसल्यासारखा. पण ट्रान्सफर केसचा दांडा ओढून गाडी लो रेंजमध्ये टाकली की चित्र उलटं होतं. जुन्या जीपमध्ये लो रेंज चाकांचा वेग आणखी अडीच पटीच्या आसपास कमी करते. पहिल्या गिअरमध्ये इंजिन २००० फेऱ्यांवर असतं आणि गाडी ताशी पाचेक किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने सरकते. इंजिन कष्टाला जुंपलेलं आणि फुकटचा वारा शून्य. मऊ वाळूत, चिखलात, नांगरलेल्या शेतातून किंवा खडकाळ चढावर हेच घडतं. अशा वेळी जो वारा जातो तो केवळ पंख्याचा.

आपल्या घाटांची आणखी एक गोम आहे. एप्रिल-मेच्या दुपारी समुद्रावरून येणारा वारा कोकणातून देशाकडे वाहतो. वरंधा, ताम्हिणी किंवा आंबेनळी चढणारी गाडीही त्याच दिशेने निघालेली असते. गाडी ताशी २० किलोमीटरने चढतेय आणि मागून तेवढ्याच वेगाने वारा येतोय, तर रेडिएटरसमोरची हवा जवळजवळ स्थिर. उतरताना गाडी थंड का आणि चढताना तापट का, याचं एक कारण चढ. पण दुसरं हे पाठीवरचं वारं, आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

बेल्टवरचा पंखा

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा पंखा साधा होता. वॉटर पंपाच्या पुलीवरच बसवलेली पत्र्याची पाती आणि क्रँकच्या पुलीवरून आलेला व्ही-बेल्ट. इंजिन फिरलं की पंखा फिरणार, थंडीतही आणि उतारावरही. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतल्या आणि इथल्या मिस्त्र्यांच्या दोन-तीन पिढ्या याच मांडणीवर शिकल्या. आजही एमएम ५४० सारख्या गाडीचं बॉनेट उघडलं की हीच रचना समोर येते. तिच्यात बिघडण्यासारखं फारच थोडं आहे.

तिची किंमत मात्र मोजावी लागते, आणि ती कशी वाढते हे एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे. पंख्याचा वेग दुप्पट झाला की हवा दुप्पट जाते, पण पंखा फिरवायला लागणारी ताकद आठपट होते. वेगाच्या घनाच्या प्रमाणात ती चढते. समजा ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगला एखादा पंखा ५० वॅट खातो. इंजिन ३२०० फेऱ्यांवर नेलं, म्हणजे चौपट, तर पंखा चौसष्टपट खाणार : ३२०० वॅट, म्हणजे चार अश्वशक्तींहून जास्त. साठ अश्वशक्तीच्या इंजिनातून चार अशाच वाऱ्यावर जाताहेत, आणि त्याही अशा वेगाला, जिथे गाडीला पंख्याची गरजच उरलेली नाही. “पंखा काढल्यावर गाडी हलकी झाली” असं लोक सांगतात त्यामागे हे गणित आहे. ती भ्रमाची गोष्ट नाही.

उलट, आयडलिंगला हा पंखा सर्वांत दुबळा. सिग्नलवर उभी, एसी चालू, बाहेर ऊन. इंजिन ८०० फेऱ्यांवर आणि पंखाही त्याच संथपणे फिरणारा. बेल्टचा पंखा इंजिनच्या वेगाला बांधलेला आहे, उष्णतेला नाही, हा त्याचा मूळ दोष.

मधला मार्ग : व्हिस्कस क्लच

हा दोष बराचसा घालवणारी एक सुंदर यंत्रणा कैक वर्षांपासून वापरात आहे. गॅरेजमध्ये तिला फॅन क्लच किंवा व्हिस्कस म्हणतात. पंखा आणि पुली यांच्यामध्ये ताटलीएवढा, पंखेदार खाचांचा ॲल्युमिनियमचा डबा दिसतो तोच हा. त्याच्या आत एकमेकींत बसणाऱ्या पण एकमेकींना न टेकणाऱ्या गोल खाचा असतात आणि घट्ट सिलिकॉन तेल असतं. तेल खाचांमध्ये आलं की फिरणारी पुली पंख्याला सोबत ओढते. तेल बाजूच्या कप्प्यात गेलं की पंखा जवळजवळ सुटा होतो.

तेल कुठे असावं हे ठरवते डब्याच्या तोंडावरची घड्याळाच्या स्प्रिंगसारखी पट्टी. दोन धातूंची ही पट्टी रेडिएटरमधून आलेल्या हवेच्या उष्णतेने पीळ सोडते आणि आतली झडप उघडते. वीज नाही, वायर नाही, सेन्सर नाही. रेडिएटर थंड असताना पंखा पुलीच्या वेगाच्या जेमतेम पाव ते तिसऱ्या हिश्शाने फिरतो. गरम हवा लागली की तोच ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत पोचतो. पूर्ण शंभर टक्के कधीच नाही, कारण तेलात थोडी घसर राहतेच.

सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केल्यावर एक-दोन मिनिटं मोठी घरघर येते आणि मग ती विरते, ती याच तेलाची. रात्रभर उभ्या गाडीत तेल खाचांमध्ये उतरून बसलेलं असतं; फिरायला लागल्यावर ते आपल्या कप्प्यात परततं. त्या घरघरीला घाबरून क्लच बदलणारे लोक आहेत. तो खर्च फुकट जातो.

क्लच खरंच गेला आहे का, हे पाहायला कुठलंही मीटर लागत नाही. गाडी चांगली तापू द्या, इंजिन बंद करा, चावी काढून खिशात टाका आणि जाड कापडाने पातं धरून पंखा फिरवा. तो अडून अडून, जड फिरला पाहिजे. हात लावताच तीन-चार फेरे मोकळा फिरला तर तेल संपलं. मग डब्याच्या मधोमध बोट फिरवून बघा. तेलकट धुळीची काळी रेघ दिसेल, गळती तिथूनच. पातं पुढे-मागे हलवून पाहा. खुटखुट लागली तर बेअरिंग गेलं आहे आणि अशी गाडी चालवणं धोक्याचं, कारण तो पंखा एक दिवस रेडिएटरमध्ये घुसणार. काही क्लचमध्ये तेल पुन्हा भरता येतं आणि टोयोटा तर हे सिलिकॉन तेल वेगवेगळ्या घट्टपणाच्या छोट्या नळ्यांमध्ये विकते. क्लच खोलताना मात्र एक सांभाळा : काही गाड्यांत तो धरणाऱ्या मोठ्या नटाला उलटे आटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावत बसलात तर वॉटर पंपाचा दांडाच वाकेल.

माझ्या मते फोर-बाय-फोरच्या कामासाठी याहून शहाणी यंत्रणा अजून झालेली नाही. हायवेला ती आपोआप बाजूला होते, लो रेंजमध्ये आपोआप कामाला लागते. नव्या गाड्यांत तिची झडप इंजिनचा कॉम्प्युटर उघडतो. लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ च्या डिझेलमध्ये असा विजेने नियंत्रित होणारा व्हिस्कस पंखा आहे. फिरवायची ताकद इंजिनची, फक्त हुकूम विजेचा. कंपन्यांनी जड गाड्यांत बेल्टचा पंखा का टिकवला याचं उत्तर पुढच्या हिशेबात आहे.

विजेचा पंखा खरोखर किती वारा देतो

विजेचा पंखा मोटारींत आला तो मुख्यतः मांडणीच्या गरजेतून. पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या मोटारींत इंजिन आडवं बसवलं, की क्रँकची पुली गाडीच्या कुशीकडे जाते आणि रेडिएटर राहतो समोर. १९५९ च्या ब्रिटिश मिनीत यावर तोड म्हणून रेडिएटरच कुशीला नेला होता आणि पंखा बेल्टचाच ठेवला होता. पुढे सगळ्यांनी सोपा रस्ता धरला : रेडिएटर समोर, त्याला विजेची मोटर. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मुळे तापमान वाढलं की आपोआप सुरू होणारा पंखा आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत ओळखीचा झाला. त्या हलक्या गाडीला तो अगदी पुरेसा होता.

आता वर घेतलेल्या आकड्यांशीच तुलना करू. बाजारात मिळणारा चांगला १२ व्होल्टचा पंखा २० ॲम्पिअर ओढतो. अल्टरनेटर १३.५ व्होल्ट देत असेल तर ही २७० वॅट वीज झाली. त्यातली पात्यांपर्यंत १९० वॅटच्या आसपास पोचते, बाकी मोटरमध्येच खर्च होते. आपला बेल्टचा पंखा ८०० फेऱ्यांना ५० वॅट घेत होता. म्हणजे आयडलिंगला विजेचा पंखा त्याच्या जवळजवळ चौपट ताकदीने फिरतोय. ट्रॅफिकमध्ये, एसी लावून उभ्या गाडीत त्याचा फायदा स्पष्ट आहे. पण इंजिन १२०० ते १३०० फेऱ्यांच्या वर गेलं की बेल्टचा पंखा बरोबरी गाठतो. आणि २००० फेऱ्यांना, लो रेंजमध्ये चढ चढताना, बेल्टच्या पंख्याकडे जवळपास ७८० वॅट असतात. विजेचा तिथेच, १९० वर अडकलेला. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येक गाडीत ते बदलतील, पण कल हाच राहतो.

“इलेक्ट्रिक पंख्याने ताकद वाचते” या वाक्यातला उरलेला अर्धा भाग हा. त्याने ताकद वाचते कारण तो सतत चालू नसतो, आणि चालू असतानाही मुळात काम कमी करतो. तेवढंच काम करायला लावलं तर तो महागच पडेल, कारण इंजिनची ताकद आधी अल्टरनेटरमध्ये वीज होते आणि मग मोटरमध्ये पुन्हा फिरणं होते. दोन्हीकडे गळती आहे. २७० वॅट विजेसाठी क्रँककडून साधारण ५०० वॅट जातात.

खोक्यावर छापलेल्या सीएफएमच्या, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा या आकड्याने भुलू नका. तो बहुधा पंखा मोकळ्या हवेत, समोर काहीही अडथळा नसताना मोजलेला असतो. तुमच्या गाडीत त्याच्यासमोर रेडिएटर आहे, त्याच्या पुढे एसीचा कंडेन्सर, टर्बो असेल तर इंटरकूलर, आणि जाळीवर हौसेने लावलेले जादा दिवे. पातळ, सपाट मोटरचे स्वस्त पंखे या अडथळ्यांपुढे फार लवकर हार मानतात. नव्या मोटारींत ६०० वॅट आणि त्याहून जास्त ताकदीचे, वेग कमी-जास्त करणारे विजेचे पंखे कंपनीतूनच येतात आणि ते उत्तम काम करतात. पण त्यांच्यासाठी अल्टरनेटर, वायरिंग आणि कॉम्प्युटर यांचा आराखडा आधीपासून केलेला असतो. बाजारातून आणून जुन्या जीपला बांधलेल्या पंख्याला ती पुण्याई नसते.

अल्टरनेटरचाही विचार करा. त्याच्यावर लिहिलेला आकडा पूर्ण वेगाचा असतो. आयडलिंगला तो निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी वीज देतो. रात्री चिखलात रुतलेली गाडी विंचने काढायची आहे असं समजा. हेडलाइट चालू, विंच जोर लावताना ३००-४०० ॲम्पिअर ओढतेय, बॅटरी खाली चालली आहे, गाडी एका जागी उभी आणि इंजिन तापतंय. नेमका तेव्हाच पंखाही २० ॲम्पिअर मागतो. व्होल्टेज पडलं की त्याचा वेग पडतो. सगळ्यात जास्त गरजेच्या क्षणी सगळ्यात कमी वारा. बेल्टच्या पंख्याला या भांडणाशी काही देणंघेणं नसतं.

पाण्यातली गोष्ट

एका बाबतीत विजेचा पंखा निर्विवाद सरस ठरतो : ओढा ओलांडताना. पाणी बंपरच्या वर आलं की बेल्टचा पंखा पाण्यात फिरू लागतो. पाणी हवेपेक्षा आठशेपट घन. त्यात फिरणारं पातं बोटीच्या पंख्यासारखं पुढे ओढलं जातं. प्लॅस्टिकची लांब पाती वाकतात आणि रेडिएटरच्या नळ्यांवर टेकतात. असा रेडिएटर एकदा पाहिला की विसरत नाही : जाळीवर कंपासने काढावा तसा अर्धगोल चरा, आणि त्या चऱ्यात कापल्या गेलेल्या प्रत्येक नळीतून गळणारं हिरवं पाणी. पेट्रोल गाडीत वर आणखी पंख्याने उडवलेलं पाणी डिस्ट्रिब्युटरवर जातं आणि ती प्रवाहाच्या मधोमध बंद पडते.

यावर जुना इलाज म्हणजे खोल पाण्याआधी फॅन बेल्ट उतरवणं. वॉटर पंप आणि अल्टरनेटरही त्यासोबत थांबतात, म्हणून तो इलाज काही मिनिटांपुरताच. दुसरा आणि मला जास्त पटणारा उपाय म्हणजे जाळीवर ताडपत्री ताणून बांधणं आणि एकसारख्या संथ वेगाने जाणं. पुढे लाट तयार होते आणि बॉनेटखाली पाण्याची पातळी उतरते. व्हिस्कस क्लच असेल तर थोडा आधार मिळतो, कारण पाण्याचा जोर आल्यावर तेल घसरतं आणि पात्यांवरचा ताण मर्यादेत राहतो. विजेच्या पंख्याला मात्र एक बटण पुरतं. बंद करा, पलीकडे जा, चालू करा.

पण ते बटण हवंच. आपोआप चालणारा पंखा पाण्यात मध्येच सुरू झाला तर मोटर अडकते आणि फ्यूज उडवते. तापलेली मोटर थंड पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. त्याचा परिणाम त्या दिवशी दिसत नाही, पुढच्या महिन्यात बेअरिंग गंजल्यावर दिसतो. २०२० च्या थारसाठी महिंद्रा ६५० मिलिमीटर खोलीपर्यंतच्या पाण्यातून जाण्याची क्षमता सांगते. हा आकडा शांत पाण्याचा आहे. पावसाळ्यात पुलावरून वाहणाऱ्या पाण्याला कुठलाच पंखा उत्तर नाही. तिथे गाडी थांबवायची.

उंचीवर

दर उन्हाळ्यात महाराष्ट्रातून लडाखला जाणाऱ्या गाड्यांसाठी एवढं लक्षात ठेवावं. ५००० मीटरच्या खिंडीत हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरते. पंखा कुठलाही असो, तो तेवढीच घनमीटर हवा ओढतो, पण तिच्यात उष्णता वाहून नेणारं वस्तुमान कमी असतं. त्यात हवेचा दाब घटल्याने उकळबिंदूही खाली येतो. ०.९ बारचं टोपण असलेल्या रेडिएटरमध्ये साधं पाणी समुद्रकाठी ११९ अंशांच्या सुमारास उकळेल, तर त्या खिंडीत ११० अंशांनाच. बाहेरची थंड हवा बरीच भरपाई करते, म्हणून गाड्या सुखरूप जातात. टोपणाचं रबर मेलेलं असेल तर मात्र तो आधारही जातो आणि ८३-८४ अंशांना पाणी उसळ्या मारू लागतं. अशा प्रवासाआधी टोपण बदलणं हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

बसवायचाच असेल तर

विजेचा पंखा बसवण्याची खरी कारणं असतात. इंजिन बदललं आणि बेल्टच्या पंख्याला जागा उरली नाही. गाडीचं बहुतेक आयुष्य पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून जातं. किंवा ओढे-नद्या हा नेहमीचाच रस्ता आहे. अशा वेळी तो जरूर बसवावा. फक्त ते काम ब्रेकच्या कामाइतकं गंभीरपणे करावं.

सर्वांत जास्त हेळसांड होते ती काउलची. श्राउड म्हणा, काउल म्हणा, पंखा आणि रेडिएटर यांच्यामधलं ते झाकण नसेल तर पंखा फक्त स्वतःच्या गोलाएवढ्या जाळीतून हवा ओढतो आणि चारही कोपरे कोरडे राहतात. पूर्ण रेडिएटर झाकणारं काउल हवं, आणि त्यात रबरी झडपा हव्यात, म्हणजे हायवेला जोराची हवा त्या उघडून निघून जाईल. हे बेल्टच्या पंख्यालाही लागू आहे. आधीच्या मालकाने कुठल्याशा कामात काउल काढून गोदामात टाकलेलं असतं आणि नवा मालक गाडी तापते म्हणून वॉटर पंप बदलत बसतो. पाती काउलच्या साधारण अर्धी आत, अर्धी बाहेर आणि कडेपासून इंचाच्या आत असावीत.

बसवताना पंखा रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा असावा. पुढे बसवलेला पंखा बंद असताना समोरचा वारा अडवतो. सोबत मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या रेडिएटरच्या जाळीतून ओवून पंखा बांधण्याची पद्धत आहे. डांबरी रस्त्यावर ती चालून जाते. खडकाळ वाटेवर पंख्याच्या वजनाने त्या पट्ट्या नळ्या घासत राहतात आणि वर्षभरात गळती सुरू होते. लोखंडी पट्टीचा ब्रॅकेट करून चेसिसच्या चौकटीला पंखा धरवा. वायर उलटी जोडली गेली तर पंखा उलटा फिरतो आणि समोरच्या वाऱ्याशीच झुंजतो. जाळीवर कागद धरून तो आत ओढला जातोय का, एवढं बघितलं की झालं.

वीज थेट बॅटरीवरून, रिलेमधून, बॅटरीजवळच्या फ्यूजसह आणि ४ ते ६ चौरस मिलिमीटरच्या वायरने न्यावी. सुरू होताना मोटर नेहमीच्या दोन-तीन पट करंट ओढते, त्याला पातळ वायर टिकत नाही. अर्थिंग रंग खरवडून, स्वच्छ पत्र्यावर. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा असेल तर पंखा ९५ च्या सुमारास सुरू आणि ८८ च्या सुमारास बंद व्हावा. बंद होण्याचा आकडा थर्मोस्टॅटच्या आकड्याजवळ आणून ठेवला तर पंखा थांबणारच नाही. एसी सुरू झाला की पंखाही सुरू व्हावा अशी जोडणी हवी. डॅशबोर्डवर जबरदस्तीने चालू आणि पूर्ण बंद करणारं बटण, आणि पंख्यापर्यंत वीज पोचते आहे हे दाखवणारा छोटा दिवा.

हा दिवा मला फार महत्त्वाचा वाटतो. बेल्ट तुटला तर बॅटरीचा लाल दिवा लागतो, आवाज येतो, लगेच कळतं. क्लच हळूहळू थकतो आणि आठवडेभर इशारे देतो. विजेचा पंखा मात्र मुकाट्याने मरतो. रिले चिकटला, सेन्सर गेला, अर्थिंग सैल झालं, तरी हायवेला काहीच जाणवत नाही. कळतं ते पुढच्या घाटात, काटा लाल पट्टीत गेल्यावर, आणि तोवर हेड गॅस्केटची वेळ भरलेली असते. म्हणून जादा रिले, फ्यूज आणि बॅटरीपासून थेट पंख्यापर्यंत पोचेल एवढी वायर गाडीत असू द्या. आणि इंजिन बंद असलं तरी हा पंखा अचानक सुरू होऊ शकतो, तेव्हा गरम गाडीत त्याच्याजवळ बोटं नेऊ नका.

माझा कौल सरळ आहे. लांबीच्या दिशेने बसवलेलं डिझेल इंजिन, लो रेंजचं काम, घाट, वाळू, शेत, ओझं : बेल्टचा पंखा, व्हिस्कस क्लच आणि धड काउल. शहरात फिरणारी, एसी लावलेली गाडी किंवा पेट्रोल इंजिनाची हलकी जीप : विजेचा चालेल, नीट बसवलेला. दोन्ही हवे असतील तर क्लचचा पंखा मागे ठेवून कंडेन्सरसमोर विजेचा एक छोटा पंखा केवळ एसीपुरता लावणं हीसुद्धा चांगली तडजोड आहे. तो थोडा वारा अडवतो, पण ट्रॅफिकमध्ये मोठा आधार देतो.

आणि पंख्यावर एक रुपयाही घालण्याआधी रेडिएटर उतरवून घ्या. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत किती गवताचं बी, किती पाकोळ्या आणि किती लाल माती साचली आहे ते बघा, आणि पाण्याचा हलका फवारा इंजिनच्या बाजूने पुढे मारून ती काढा. नळ्या चोंदल्या असतील तर रॉडिंग करून घ्या. टोपण आणि थर्मोस्टॅट नवे घाला, बेल्ट ताणा, अर्धं पाणी अर्धं कूलंट भरा. मग मे महिन्यातल्या दुपारी, वारा पाठीवर असताना, ओझं घालून घाट चढा आणि काटा बघा. तो जागचा हलला नाही, तर आहे तो पंखा राहू द्या.